लहिया आणि चोर : चित्रपटांच्या चोरट्या प्रतींविषयी

एक

कळंब हे कर्जत तालुक्यातील गाव नेरळहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावाभोवती ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांपैकी एका वाडीच्या समाजमंदिरात मी ‘जैत रे जैत’ हा चित्रपट दाखविला. गो. नी. दांडेकरांची त्याच नावाची कादंबरी मी त्या वर्षी शिकवीत होतो. ठाकरांच्या जीवनावरील या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ साली केलेला चित्रपट विद्यार्थ्यांनी वाडीतच, ठाकरांसमवेत बसून पाहावा अशी कल्पना होती. कल्पना चांगली होती. प्रत मात्र चोरटी होती. एका विद्यार्थ्याने ती मोबाइलच्या दुकानातून वीस रुपयांत पेन ड्राइव्हवर भरून आणली होती. ती कोठून आली हे मी विचारले नाही. विचारले नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते.

चित्रपट सुरू झाला तो श्रेयनामावली गाळूनच. पडद्याच्या एका कोपऱ्यात अखेरपर्यंत कोणत्या तरी अनोळखी नावाचा शिक्का होता. चित्राच्या कडा छाटलेल्या होत्या आणि मधली काही गाणी गायब होती. खेळ संपल्यावर एक वृद्ध ठाकर माझ्याजवळ आले. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागत असे, त्या काळात त्यांनी गावातल्या एका घरी हा चित्रपट पाहिला होता. ते म्हणाले, “मास्तर, यात आमचं नाचनं न्हाय. तवा व्हतं. कुनी काडलं?” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “आन् ह्यो केला कुनी?”

पहिल्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्याला होते, आणि मी ते दिले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, गीते ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, निर्मिती उषा मंगेशकरांची. नाग्या मोहन आगाशे, चिंधी स्मिता पाटील. परंतु ही नावे उच्चारताना ध्यानात आले, की आपण नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटात ती कोठेही नव्हती. ती माझ्या स्मरणात होती म्हणून सांगता आली. ज्यांना सांगणारा कोणी भेटत नाही, त्यांच्यापुरता हा चित्रपट कोणीच केलेला नाही.

प्रस्तुत लेख या दोन प्रश्नांचा विस्तार आहे. चोरट्या प्रतींची चर्चा आपल्याकडे बहुधा तिकीटबारीच्या हिशेबात किंवा पोलिसी कारवाईच्या भाषेत होते. नव्या चित्रपटांच्या बाबतीत ते समजण्याजोगे आहे. जुन्या, अभिजात म्हणून मान्यता पावलेल्या चित्रपटांच्या बाबतीत मात्र तिकीटबारी केव्हाच बंद झालेली असते. तेथे नेमके कोणाचे, काय बिघडते, हा प्रश्न अर्थकारणाचा कमी आणि नीतिविचाराचा अधिक आहे. साहित्यसमीक्षेला तो परका नाही, कारण त्याच्या मुळाशी प्रत, पाठ आणि कर्ता यांचे नाते आहे.

दोन

प्रथम आक्षेपाची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. चोरी या कल्पनेत एक जंगम वस्तू एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जाते आणि पहिला तिला मुकतो. चित्रपटाची प्रत काढल्याने मूळ मालकाजवळचा चित्रपट नाहीसा होत नाही. मग चोरी झाली ती कशाची? शिवाय चित्रपट ही कलाच प्रतींची आहे. वॉल्टर बेन्यामिनने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखविले, की यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगात ‘अस्सल’ या शब्दाचा अर्थच डळमळीत होतो. छायाचित्राच्या किंवा चित्रपटाच्या अनेक प्रतींपैकी अस्सल कोणती, हा प्रश्न निरर्थक ठरतो. त्याच वर्षी पुण्यात प्रभातचा ‘संत तुकाराम’ तयार झाला. गावोगावच्या थिएटरांत आणि तंबूंत तो ज्यांनी पाहिला त्यांनी एकेक प्रतच पाहिली. त्यांचा अनुभव म्हणून उणा ठरला नाही.

यात भर रोलां बार्थ आणि मिशेल फुको यांची. बार्थने १९६७ साली कर्त्याच्या मृत्यूची घोषणा केली आणि अर्थाचे केंद्र वाचकाकडे नेले. फुकोने १९६९ मध्ये ‘कर्ता’ हे माणसाचे नव्हे तर व्यवस्थेने नेमून दिलेल्या एका कार्याचे नाव आहे, असे प्रतिपादन केले. या विचारांचे संस्कार झालेला आमच्या पिढीतील अध्यापक चोरट्या प्रतीसमोर थोडा निःशस्त्र होतो. कर्ताच जर संहितेबाहेर गेला असेल, तर त्याची मालकी कशाच्या आधारावर सांगायची?

या युक्तिवादात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे, असे मला वाटते. बार्थचा कर्ता हा अर्थावर अधिकार सांगणारा कर्ता आहे. त्याला दूर सारणे हे वाचनाचे स्वातंत्र्य आहे. अर्थावरचा अधिकार सोडलेला माणूस श्रमाच्या श्रेयालाही मुकतो, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. नाग्याच्या हट्टाचा अर्थ काय लावायचा हे महानोर किंवा पटेल यांना विचारण्याचे मला कारण नाही. पण ती गाणी महानोरांनी लिहिली, ही अर्थनिर्णयाची बाब नसून घडलेली गोष्ट आहे. बेन्यामिनचा मुद्दाही प्रतींच्या समानतेविषयी आहे. सर्व प्रती सारख्याच अस्सल, असे म्हणता येते ते त्या प्रती एकाच पाठाशी इमान राखून असतात तोवरच. कळंबच्या समाजमंदिरात जी दाखविली गेली ती अनेक प्रतींपैकी एक प्रत नव्हती. ती पाठभ्रष्ट संहिता होती.

तीन

प्रतींविषयीचा नीतिविचार आपल्याला बाहेरून आणावयास नको. मुद्रणपूर्व मराठी वाङ्मय शेकडो वर्षे प्रतींच्याच आधारे जगले. पोथ्या आणि बाडे उतरवून घेणारा लहिया हा त्या व्यवहाराचा कणा. त्याने कोणाची परवानगी घेतली नाही, कोणाला मोबदला दिला नाही. तरीही त्याला कोणी चोर म्हटले नाही. असे का, याचा विचार केला म्हणजे आजच्या चोरट्या प्रतीचे स्वरूप उलगडू लागते.

लहियाच्या व्यवहारात तीन बंधने गृहीत होती. पहिले नावाचे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या संताजी तेली जगनाडे यांनी लिहिल्या, त्या तुकोबांच्या म्हणून. नाममुद्रा हा आपल्या परंपरेतील कर्तृत्वाचा शिक्का होता आणि तो जपणे हे लिहिणाऱ्याचे काम होते. दुसरे बंधन पाठाचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ‘ज्ञानेश्वरी’चा पाठ शुद्ध केला आणि त्यात आपली भर घालू पाहणाऱ्याला निक्षून बजावले. ज्या ग्रंथाचा कर्ता तीन शतकांपूर्वी समाधिस्थ झाला होता, त्याच्या पाठाविषयीचे हे दक्षत्व आहे. त्यात मालमत्तेचा प्रश्न नव्हता. तिसरे बंधन परतफेडीचे. पोथी उतरवून घेणारा ती वाचे, वाचून दाखवी, सांभाळी, पुढच्याला उतरवून घेऊ देई. ग्रंथाकडून घेतलेले तो ग्रंथाच्या आयुष्यात भर घालून फेडीत असे.

ही बंधने मोडणाराही परंपरेला ठाऊक होता. तुकोबांच्या अभंगांतून सालोमालो हे नाव येते. दुसऱ्याच्या रचनेवर आपली मुद्रा उमटविणारा म्हणून ते आपल्या स्मरणात राहिले आहे. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकारामा’त हाच सालोमालो प्रतिनायक होऊन उभा राहतो. तुकोबांचे काव्य आपलेच असल्याचा कांगावा तो करतो. तुकोबांच्या वह्या पाण्यात बुडविल्या गेल्या तरी अभंग लोकांच्या मुखी राहिले. मुद्रा पुसली गेली असती तर अभंग राहिले असते आणि तुकोबा गेले असते. अन्यायाचे हे दोन निराळे प्रकार आहेत. दुसऱ्याला आपण पुरेसे ओळखत नाही, कारण त्यात काहीही नष्ट झाल्यासारखे दिसत नाही.

याच चित्रपटाच्या बाबतीत एक बोलके उदाहरण घडले. शांताराम आठवले यांनी त्यासाठी लिहिलेले एक गीत इतके एकजीव झाले, की अनेकांनी ते तुकोबांचाच अभंग समजून म्हटले. येथे कोणी चोरी केली नाही. उलट कवीला याहून मोठी पावती कोणती? तरीही आज आपण ते आठवल्यांचे म्हणून ओळखतो, ते कोणी तरी नोंद राखली म्हणून. लोकांच्या ओठांवर नाव विरघळते, हा निसर्गक्रम आहे. म्हणूनच ते कोठे तरी लिहून ठेवलेले असावे लागते. चित्रपटात ही जागा श्रेयनामावलीची आहे.

संस्कृत काव्यशास्त्रानेही उसनवारीचा विचार केला. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांचे प्रकार सविस्तर सांगितले. परंतु त्याच्या हरणकर्त्याला निदान काही रचावे लागते. घेतलेल्याचे रूप पालटावे लागते. चोरट्या प्रतीचा धनी काहीच रचीत नाही. तो कवी नव्हे आणि लहियाही नव्हे. शिक्का तेवढा त्याचा असतो.

चार

ही तीन बंधने हाती घेतली म्हणजे कायद्याची भाषाही नीट वाचता येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. ‘जैत रे जैत’ २०३७ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’ २०१४ पासून मुक्त आहे. आता कल्पना करावी, की एकाच माणसाने या दोन्ही चित्रपटांची नामावली कापली, गाणी गाळली, कोपऱ्यात आपला शिक्का मारला आणि प्रती विकल्या. पहिल्या बाबतीत तो मालकी हक्काचा भंग करणारा ठरतो, दुसऱ्या बाबतीत नाही. पण त्याने जे केले ते दोन्हीकडे तेच आहे. मालकीची मुदत संपल्याने परतफेडीचे बंधन सैल झाले, एवढेच. नावाचे आणि पाठाचे बंधन सुटले असे आपली विवेकबुद्धी म्हणत नाही. याच कायद्याचे सत्तावन्नावे कलम कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि कृतीच्या विकृतीला हरकत घेण्याचा हक्क देते, आणि तो मालकी विकली तरी उरतो. विकृतीविरुद्धच्या हक्काला पूर्वी असलेली मुदतीची अट २०१२ च्या दुरुस्तीने काढून टाकली. मालमत्ता आणि कर्तृत्व या दोन गोष्टी आहेत, हे कायद्यालाही उशिरा का होईना उमगले आहे.

तरीही कायद्याच्या दृष्टीने चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता असतो. दिग्दर्शक, संकलक, ध्वनिमुद्रक, वेशभूषाकार, समूहात नाचणारे यांना त्या कलमाचा आधार सहजी मिळत नाही. त्यांच्याजवळ उरते ते फक्त पडद्यावरचे नाव. दिग्दर्शकाचे आणि नायिकेचे नाव लोकस्मृती जपते. संकलकाच्या सहायकाचे नाव त्या दोन मिनिटांच्या नामावलीतच असते. चोरट्या प्रतीतून सर्वप्रथम तीच दोन मिनिटे कापली जातात, कारण प्रेक्षकाला तेथे रस नसतो असे मानले जाते. म्हणजे ज्याच्याजवळ गमावण्याजोगे सर्वांत कमी असते, त्याचे सर्वस्व पहिल्या झटक्यात जाते.

पैशाचा प्रश्नही नाकारता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनात न सोडता येण्याजोगा वाटा दिला. महानोर २०२३ साली गेले. ज्या कवीची गाणी पिढ्यांच्या कानांत आहेत, त्याच्या वाट्याला त्या ऐकण्यातले काय येते, हा प्रश्न त्याच्या पश्चातही उरतो. हिशेबात न धरलेल्या प्रतीवर वाजलेले गाणे कोणाच्याही खात्यावर चढत नाही. यावर असे म्हणतात, की २०१६ साली ‘सैराट’च्या चोरट्या प्रती फिरत असतानाही त्या चित्रपटाने अभूतपूर्व यश मिळविले, मग हानी कोणती? ‘सैराट’ हा अपवाद आहे. अपवादाला जे सोसते ते नियमाला सोसत नाही. बहुसंख्य मराठी चित्रपटांना चित्रपटगृहात एखाद-दुसरा आठवडा मिळतो. त्यांचे पुढचे आयुष्य नंतरच्या, सावकाश होणाऱ्या विक्रीवर अवलंबून असते. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने चोरट्या चित्रीकरणाला आणि प्रसाराला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि तीन लाख रुपयांपासून लेखापरीक्षित निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. ही शिक्षा नव्या चित्रपटाच्या पहिल्या आठवड्याचे रक्षण करील. पन्नास वर्षांच्या जुन्या चित्रपटाच्या कापलेल्या गाण्यासाठी कोणी फिर्याद द्यायला जाणार नाही.

पाच

प्रेक्षकाचे काय जाते? वरकरणी त्याचा लाभच होतो. वीस रुपयांत अभिजात कृती घरी येते. पण तो काय घेऊन जातो ते पाहिले पाहिजे. ‘जैत रे जैत’मधील गाणी कथेला दिलेली विश्रांती नव्हेत. कथा बरीचशी गाण्यांतून पुढे सरकते. लिंगोबाच्या डोंगरावरील राणीमाशीला मारण्याचा नाग्याचा ध्यास आणि त्यात चिंधीने घातलेली उडी यांचा वेग गाण्यांच्या आणि ढोलाच्या लयीने ठरतो. गाणी गाळली, की उरतो एक तुटक, उगाच हट्टी वाटणारा माणूस. त्या रात्री माझ्या एका विद्यार्थिनीने नेमके हेच लिहिले : नायकाचे वागणे पटत नाही, त्याची मनःस्थिती उलगडत नाही. मी तिच्या टिपणावर ‘निरीक्षण चांगले’ असा शेरा दिला. निरीक्षण चांगलेच होते. फक्त ते चित्रपटाविषयी नव्हते. कात्री चालविणाऱ्या कोणा अनामिकाच्या कामगिरीचे ते समीक्षण होते, आणि त्याचा दोष आम्ही दिग्दर्शकाच्या माथी मारला होता.

खरी हानी येथे आहे. क्षेपक असलेली पोथी वाचणाऱ्याला निदान दुसऱ्या पोथीशी ताडून पाहता येते. चोरट्या प्रतीच्या प्रेक्षकाला आपल्यापासून काही काढून घेतले आहे याचा पत्ताच नसतो. तो फसविला जातो आणि वर कृतज्ञही असतो. अशा पाठावर पोसलेली अभिरुची जुना चित्रपट म्हणजे धूसर, तुटक, कंटाळवाणा असे समीकरण बांधते. मग शुद्ध प्रत समोर आली तरी ती पाहण्याची इच्छा उरत नाही. पाठचिकित्सा ही ग्रंथालयातील कोरडी विद्या आहे अशी आमच्या विभागांत समजूत असते. पाठ भ्रष्ट झाला, की आस्वाद, मूल्यमापन, इतिहास हे सारेच वाळूवर उभे राहते, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. ते माझ्या स्वतःच्या शेऱ्याला लागू पडेल असे मात्र वाटले नव्हते.

सहा

याविरुद्धचे दोन आक्षेप मला सहजासहजी बाजूला सारता येत नाहीत.

पहिला जतनाचा. आपल्या अधिकृत संस्थांनी तरी काय राखले? फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज अपुराच उपलब्ध आहे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पी. के. नायर यांनी ते जिद्दीने वाढविले, आणि तरी जानेवारी २००३ मध्ये तेथील नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागून मूक आणि बोलपटाच्या आरंभकाळातील मोलाचा ऐवज जळाला. एखादा चित्रपट केवळ कोणाच्या तरी अनधिकृत प्रतीत उरला असेल, तर त्या प्रतीला चोरटी म्हणायचे की तारक? माझे उत्तर असे, की ज्याने ती प्रत पूर्ण ठेवली, नावे ठेवली आणि मागणाऱ्याला दिली, तो लहिया आहे. कायदा त्याला काहीही म्हणो. परंतु कापून, शिक्का मारून विकणाऱ्याने लहियाच्या पुण्याईवर हक्क सांगू नये. त्याच्या प्रतीवरून चित्रपट पुन्हा उभा करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, कारण तो वाडीतूनच येतो. चित्रपट ठाकरांच्या जीवनावर उभा आहे. त्यांचे नाच, ढोल, देव, त्यांची बोली यांतून त्याला रूप मिळाले. कायदा त्या चित्रपटाला साठ वर्षांचे संरक्षण देतो. ज्या परंपरेतून तो घडला तिला एका दिवसाचेही नाही, कारण तिचा कर्ता कोणी एक नाही. मग ठाकरांच्या पोराने तो चित्रपट वीस रुपयांत घेतला, तर चोर कोण आणि धनी कोण? शिवाय कळंबसारख्या ठिकाणी जुना मराठी चित्रपट सन्मार्गाने पाहायचा म्हटले तर सोय काय? हक्क बाळगायचा आणि कृती दाखवायची नाही, ही धन्याची वृत्तीही निर्दोष नाही. पोथी फडक्यात बांधून ठेवणाऱ्याला परंपरेने कधी गौरविले नाही.

या आक्षेपातले सत्य मान्य केले पाहिजे. त्या पोराला मी चोर म्हणणार नाही. मिळण्याचा मार्ग नसेल तर पाहणाऱ्याचा दोष हलका होतो, आणि तो हलका होतो त्या प्रमाणात हक्कधारकांचा आणि आम्हा शिक्षकांचा वाढतो. मात्र चोरट्या प्रतीने ठाकरांचे ऋण फिटते, हे खोटे आहे. वीस रुपयांतला एकही पैसा वाडीत आला नाही. उलट कापले गेले ते नेमके त्यांचे नाचणे. आणि श्रेयनामावलीसह तो कागदच फाटला, ज्यावर उद्या एखादा ठाकर बोट ठेवून विचारू शकला असता : यात आमचे काय आहे आणि आमचे नाव कोठे आहे? ऋणाची नोंद पुसल्याने ऋण नाहीसे होत नाही. ते मागण्याची जागा नाहीशी होते. एका अन्यायावर दुसऱ्या अन्यायाचा उतारा चालत नाही, तो या कारणासाठी.

सात

शैक्षणिक संस्थेत केवळ शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर चित्रपट दाखविण्यास कायद्याची हरकत नाही. माझी चूक चित्रपट दाखविण्यात नव्हती, आणि तो वाडीत नेण्यात तर मुळीच नव्हती. प्रतीकडे पाहण्याच्या अनास्थेत ती होती. पुस्तकाची आवृत्ती कोणती, संपादक कोण, पाठ कोठला, हे विचारल्याशिवाय मी विद्यार्थ्याचा प्रबंध पुढे सरकू देत नाही. पेन ड्राइव्हच्या बाबतीत ते प्रश्न मला सुचलेही नाहीत. चित्रपट ही संहिता आहे असे आपण सिद्धान्त म्हणून म्हणतो. पण संहितेला लागू असलेली जबाबदारी तिला लागू करीत नाही.

आता कोणताही चित्रपट लावण्यापूर्वी मी फळ्यावर नावे लिहितो, जेवढी खात्रीने मिळाली तेवढी. आणि प्रतीत काही वगळले असल्याचे ठाऊक असेल तर तेही सांगतो. विद्यार्थ्यांना प्रथम हे कंटाळवाणे वाटते. एकाने विचारले, “सर, एवढी माणसं लागतात?” त्या प्रश्नाने मला बरे वाटले.

वाडीतल्या त्या वृद्धांना मात्र मी पूर्ण चित्रपट दाखवू शकलो नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ते वारले. त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप दिलेले नाही.